डावा सांधा, उजवा सांधा

तान रुइफांगला सशाच्या जबड्याची ओळख प्रयोगशाळेत झाली नाही, आईच्या दुकानात झाली. छंगदू शहराच्या दक्षिणेला श्वांगलिऊच्या बाजारात तिची आई सशाची मुंडकी विकायची. मसाल्याच्या रश्श्यात मुरवलेली, लाल मिरची आणि तिरफळानं जीभ बधिर करणारी. ती खायची एक रीत असते. दोन्ही हातांत वरचा आणि खालचा जबडा धरायचा, अंगठे दातांच्या मागे सारायचे आणि एका दमात उघडायचं. आधी गालाचं मांस, मग जीभ, शेवटी मेंदू. नवखं गिऱ्हाईक भलतीकडेच ओढून हाड मोडून ठेवायचं. मग आई गल्ल्यावरूनच म्हणायची, "अहो, दार बिजागरीकडून उघडतं. भिंतीला कशाला लाथा मारताय?"

रुइफांग तेव्हा पंधरा वर्षांची होती. शाळेतून आली की स्टुलावर बसून मुंडकी साफ करायची. बिजागरी नेमकी कुठं असते, कोवळ्या सशाची कशी सुटते आणि म्हाताऱ्याची कशी अडते, हे तिच्या बोटांना डोक्याच्या आधी कळलं.

विसाव्या वर्षी ती शहरातल्या एका दंत महाविद्यालयाच्या प्राणीगृहात कामाला लागली. पिंजरे धुणं, गवत टाकणं, पाण्याच्या बाटल्या भरणं. तिथं वर्षभर काढल्यावर एक दिवस कापविभागाचे ओउयांग उस्ताद खाली आले. हाडामांसाचे काप काढून काचपट्टीवर चढवण्याचं काम तीस वर्षं करणारा तो माणूस सडपातळ, तिरसट आणि कमी बोलणारा होता. विद्यार्थी सशाचा जबड्याचा सांधा डोक्यातून अखंड सोडवून देत नाहीत, दर तिसरा सांधा मोडून आणतात, अशी त्यांची तक्रार होती. रुइफांग झाडू टेकवून ऐकत होती. ती म्हणाली, मी काढून दाखवू का? उस्तादांनी एक डोकं तिच्या पुढ्यात सरकवलं. चहा निवायच्या आत दोन्ही बाजूंचे सांधे बशीत होते.

"कुठं शिकलीस?"

"दुकानात."

पुढच्या महिन्यात तिची बदली वरच्या मजल्यावर झाली.

वरच्या मजल्यावर तीन महिने तिला काप काढू दिला नाही. तेव्हा पोलादी पाती असत, ती काचेवर घासून धार लावावी लागे. सकाळपासून दुपारपर्यंत नुसती धार. उस्ताद पातं उजेडाकडे धरायचे, कडेवर कुठं ठिपका चमकला की परत द्यायचे. तिची आई म्हणायची, खाटकाकडेसुद्धा इतकी धार नसते, तुम्ही नेमकं कापता काय? रुइफांग सांगायची, केसाच्या जाडीचा दहावा-बारावा भाग. आईला वाटायचं पोरगी थापा मारते.

जबड्याच्या सांध्याचे काप काढणं हे त्या खोलीतलं सगळ्यात किचकट काम. खाली हाड, त्यावर कूर्चेचा पातळ थर, वर एक फट, फटीत मऊ चकती, पुन्हा फट आणि मग कवटीचं हाड. प्रत्येकाचा कडकपणा वेगळा. पातं हाडाला अडखळलं की चकती दुमडते, चकती सांभाळावी तर कूर्चा सोलून निघते. म्हणून आधी हाडातला चुना उतरवायचा. तेजाबात टाकलं तर आठवड्यात उतरतो, पण पुढं रंग नीट चढत नाही. उस्तादांची पद्धत सावकाश होती. दोन महिने द्रावात, दर तीन दिवसांनी द्राव बदलायचा. मग मेणात घालून वड्या पाडायच्या, वडी यंत्रावर बसवायची, आणि एकमेकांना चिकटलेल्या कापांची मेणाची फीत सुटू लागली की श्वास रोखायचा, कारण एका फुंकरीनं दिवसाचं काम उडून जातं. उस्ताद निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी रुइफांगला आपली धारेची काच दिली. बाजारात तोवर वापरून फेकायची पाती आली होती. काच कपाटात गेली.

त्यानंतर कापविभाग तान बाईंचा झाला. विद्यार्थी त्यांना बाईच म्हणत आणि टरकून असत. फीत सुटत असताना कुणी दार उघडलं तर बाई मागं न बघता म्हणत, "आत या नाहीतर बाहेर जा, वारा होऊन उभे राहू नका." पत्त्यांसारख्या माजोंगच्या सोंगट्या खेळण्यात मात्र त्या दिलदार होत्या. शनिवारी दुपारी अंगणात डाव मांडायच्या, हरल्या तर हसायच्या आणि जिंकल्या की समोरच्याला चिडवून बेजार करायच्या. नवरा पाणीपुरवठ्यात नोकरीला होता. एक मुलगी, शाळेत हुशार. एकंदरीत बाईंचं बरं चाललं होतं.

दोन हजार चार सालच्या वसंतात शुए माओलिन त्यांच्याकडे आला. प्राध्यापक वेन यांचा विद्यार्थी, उत्तरेकडच्या ग्वांगयुआनचा डोंगरी मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा. पदवी झाली की गावाकडच्या रुग्णालयात जागा ठरलेली होती आणि एक मुलगीही ठरलेली होती, दोन्ही वाट बघत होत्या. त्याचा विषय असा, की जबड्याच्या सांध्यातली चकती फाटली तर खालच्या कूर्चेचं काय होतं. माणसात हे पाहता येत नाही, दुखायला लागून माणूस दवाखान्यात येईपर्यंत सुरुवातीचं सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून त्यानं चोवीस सशांच्या डाव्या सांध्यातल्या चकतीला बारीक भोक पाडलं होतं. उजव्या सांध्याला हात लावला नव्हता. उजवा चांगला, डावा बिघडलेला, दोन्ही एकाच प्राण्याचे, तुलना सोपी. सहा-सहा सशांचे चार गट, दोन, चार, आठ आणि बारा आठवड्यांचे.

पोरगा मेहनती होता, पण घायकुत्या. द्राव बदलायला स्वतः यायचा आणि दरवेळी विचारायचा, अजून किती दिवस? बाई म्हणायच्या, "हाडाला विचार."

दोन आणि चार आठवड्यांचे काप तयार झाले. बाईंनी लाल रंगात बुडवून काचपट्ट्या वाळवल्या आणि त्याच्या हाती दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो दार ढकलूनच. नेमकी तेव्हा फीत सुटत होती. ती तुटली.

त्याचं म्हणणं होतं की बाईंनी डाव्या-उजव्याची अदलाबदल केली आहे. चार आठवड्यांच्या गटात सहापैकी पाच सशांच्या डाव्या सांध्याची कूर्चा उजव्यापेक्षा जाड दिसत होती. पेशी दुप्पट, रंग गडद. चकतीला भोक पडलेल्या बाजूची कूर्चा झिजायला हवी, पातळ व्हायला हवी. जाड कशी होईल? म्हणजे खुणा चुकल्या. आणि वड्यांवर खुणा बाई घालतात.

बाईंनी तुटलेली फीत चिमट्यानं उचलून टाकली. सतरा वर्षांत त्यांच्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता. त्यांनी आवाज चढवला नाही. एरवी त्या माओलिनला अरे-तुरे करत. त्या दिवशी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, भोक तुम्ही कुठल्या बाजूला पाडलंत?"

"डाव्या."

"ते भोक चकतीतच आहे ना अजून? का मी तेही उचलून दुसरीकडे ठेवलं?"

बाईंनी कपाटातून चार आठवड्यांच्या गटातली एक वडी काढली, डाव्या बाजूची खूण असलेली. त्याला स्टुलावर बसायला सांगितलं आणि कापायला लागल्या. आतापर्यंतचे काप सांध्याच्या मध्याजवळचे होते, भोक जरा बाहेरच्या अंगाला. दर दहावा काप त्या पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घेत आणि त्याच्या पुढं सरकवत. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग एका पट्टीवर चकतीची रेघ मध्येच तुटलेली दिसली. कडा थोड्या गोल झालेल्या, पण भोक ते भोकच. आणि त्याच्या खाली कूर्चा जाड होती, पेशींचे घोळकेच्या घोळके.

पाचही वड्यांत तसंच निघालं. सहावीतही भोक डाव्याच बाजूला होतं.

प्राध्यापक वेन यांनी पट्ट्या पाहिल्या तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नाही. त्यांनी माओलिनला समजावलं, की कूर्चा लगेच हार मानत नाही. भार वाढला की ती आधी पेशी वाढवते, अंग धरते. दम संपल्यावर मग चिरा पडतात. तू बारा आठवड्यांचे काप येईपर्यंत धीर धरला असतास तर तुलाच कळलं असतं. आठ आणि बारा आठवड्यांच्या कापांत तसं दिसलंही. आठव्या आठवड्याला कूर्चेत रंगाचे फिके डाग, बाराव्याला चिरा, दोन सशांमध्ये तर खालचं हाड उघडं पडलेलं आणि सांध्याच्या पुढच्या कडेला हाडाचा नवा उंचवटा.

माओलिन बाईंची माफी मागायला गावाकडचे अक्रोड घेऊन आला. शब्द पाठ करून आला होता ते विसरला, नुसती पिशवी टेबलावर ठेवून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "दार बंद कर आधी." तेवढ्यावर मिटलं.

पण मिटलं नव्हतं. बाईंना दुसरंच काहीतरी खुपत होतं.

खुपत होता तो उजवा सांधा. ज्याला कुणी हात लावला नव्हता तो. आठ आठवड्यांच्या गटातले उजव्या बाजूचे काप रंगवताना त्यांना वाटलं होतं, हा लाल रंग नेहमीचा नाही. पेशींच्या रांगा सरळ नाहीत, पुढच्या अंगाला थर जरा सुजल्यासारखा आहे. बारा आठवड्यांत ते अधिक होतं. चिरा नव्हत्या, काही मोडलं नव्हतं. फक्त निरोगी सशाचा सांधा असा नसतो. माओलिनला ते दिसत नव्हतं, कारण तो प्रत्येक उजवा सांधा शेजारच्या डाव्याशी ताडून बघत होता आणि डाव्यासमोर तो गोजिरा दिसत होता.

रंगाचा भरवसा नसतो, एका दिवसाचा रंग दुसऱ्या दिवशी वेगळा उतरतो. म्हणून बाईंनी उस्तादांच्या वेळच्या पेटीतून न रंगवलेले काप काढले, ज्यांना कधीच काही केलं नव्हतं अशा सशांचे. ते आणि माओलिनचे उजवे काप एकाच भांड्यात, एकाच वेळी, सारखीच मिनिटं बुडवले. मग शेजारी शेजारी ठेवून पाहिले. फरक होता.

त्या वेळी बारा आठवडे भरायला आलेले आणखी सहा ससे प्राणीगृहात होते. बारा आठवड्यांच्या पहिल्या गटात दोन सशांचे काप खराब झाले म्हणून प्राध्यापकांनी हा जास्तीचा गट करून घेतला होता. बाई गवत टाकायच्या वेळी खाली गेल्या आणि पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या. सशाचा जबडा वरखाली कमी आणि आडवा जास्त चालतो, एका वेळी एकाच बाजूनं. निरोगी ससा बाजू बदलत राहतो. हे ससे बदलत नव्हते. सहापैकी पाच उजव्याच बाजूनं चावत होते. बाई पाय भरून येईपर्यंत बसल्या. दुखऱ्या बाजूला आराम देऊन चांगल्या बाजूवर सगळं काम टाकलेलं. आणि ती चांगली बाजू त्या ओझ्याखाली बदलत होती.

म्हणजे माओलिनच्या तुलनेचा पायाच कच्चा होता. हे सांगायचं तर ज्यांना काहीच केलेलं नाही असे ससे नव्यानं आणायचे, आणि नुसतंच कापून शिवलेले, भोक न पाडलेले असेही आणायचे, त्यांचे बारा आठवडे, पुढे दोन महिने द्राव, पुन्हा काप. पोराचं वर्ष गेलं. गावाकडची जागा वर्षभर कुणी राखून ठेवत नाही. आणि न सांगितलं तर? परीक्षक आकडे बघणार, चित्रं बघणार. डावा आणि उजवा यांत फरक ठळक होता. सगळं छान पार पडलं असतं.

बाई आठ दिवस काही बोलल्या नाहीत. रविवारी आईकडे गेल्या. आई आता पंच्याहत्तरीला आली होती, दुकान भाच्याकडे होतं, पण मसाल्याचं प्रमाण अजून तीच ठरवायची. लेक तिरफळं निवडता निवडता सगळं बोलली. आईनं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की तू यात पडू नकोस. तू डॉक्टर नाहीस. कापायला ठेवलंय, काप. एकदा आळ घेतला तुझ्यावर, आता आपल्या हातानं दुसऱ्यांदा कशाला तोंडघशी पडतेस?

"तोंडघशी कशी पडेन? मी बरोबर आहे."

"असशील बरोबर. बरोबर असून काय मिळणार तुला?"

"मिळायचं काय त्यात. चूक आहे ते चूक आहे."

"मग मला विचारायला कशाला आलीस?" आई म्हणाली आणि तिरफळांचं ताट ओढून घेतलं. "ठरवून आलीयेस. नीट निवड, काळ्या बिया राहतायत."

सोमवारी बाईंनी माओलिनला बोलावलं. आधी काही न सांगता दोन काचपट्ट्या दिल्या, नावं झाकलेल्या. म्हणाल्या, यातला कुठला निरोगी? त्यानं पाहिलं आणि एक बोटानं दाखवली. ती उस्तादांच्या पेटीतली होती. मग दुसरी कुणाची? बाईंनी खुणेवरचा कागद काढला. त्याचाच ससा, उजवा सांधा, बारा आठवडे.

त्यानं पट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. मग म्हणाला, जुना ससा, वेगळी जात असेल, वेगळं वय असेल. बाई म्हणाल्या, असेल. म्हणून खाली जाऊन बघ ते चावतात कसे. तो गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा त्याच्या पँटीला गवत चिकटलेलं होतं.

"बाई, तुम्ही हे आणखी कुणाला सांगितलंय?"

"माझ्या आईला."

"वेन सरांना?"

"ते तू सांगायचं. मी कापते."

तो खुर्चीवर बसला. बाईंनी त्याला आपल्या बरणीतला मोगऱ्याचा चहा ओतून दिला. त्यानं विचारलं, तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं का? बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "नाही. बहुतेक नाही."

तो चहा न पिता गेला. पुढचे चार दिवस तो दिसला नाही. बाईंना त्या दिवसांत झोप धड लागली नाही, माजोंगमध्ये त्या सलग तीन डाव हरल्या आणि त्यांना कुणी चिडवलंही नाही. पाचव्या दिवशी प्राध्यापक वेन स्वतः कापविभागात आले. त्यांनी दारावर टकटक केली, वर्षानुवर्षांत पहिल्यांदा कुणीतरी. माओलिननं त्यांना सगळं सांगितलं होतं. पट्ट्या पाहून झाल्यावर ते खिडकीशी उभे राहिले. म्हणाले, उजव्या बाजूचा प्रश्न मला सुचायला हवा होता, तुलना ठरवताना मीच सही केली होती. मग बारा सशांसाठी अर्ज लिहिला, सहा कशालाही हात न लावलेले, सहा नुसते कापून शिवलेले.

माओलिनची गावाकडची जागा गेली. ठरलेली मुलगी मात्र थांबली, तिनं फोनवर एवढंच विचारलं म्हणे, ससे मेले का? त्यानं सांगितलं, नाही, वाढले. ते वर्ष तो जवळजवळ कापविभागातच राहिला. द्राव बदलायचा, वड्या पाडायचा, शेवटी शेवटी बाईंनी त्याला पात्यालाही हात लावू दिला. त्याचे पहिले काप चुरगळलेल्या कागदासारखे आले. बाई म्हणाल्या, सशाला दुसऱ्यांदा मारलंस. पण त्याला उठवलं नाही.

निष्कर्ष पहिल्यापेक्षा मोठा निघाला. एका बाजूची चकती बिघडली की दुसरी बाजूही बदलते, उशिरा आणि वेगळ्या पद्धतीनं, आणि म्हणून त्या बाजूला निरोगी धरता येत नाही. निबंध परदेशी नियतकालिकात गेला. माओलिननं लेखकांत बाईंचं नाव चौथं घातलं होतं. कार्यालयातून विचारणा झाली की तंत्रज्ञाचं नाव लेखकांत कसं? त्यावर दोन महिने कागद इकडून तिकडे फिरले. माओलिन हट्टाला पेटला, वेन सरांनी पत्र लिहिलं, आणि नाव राहिलं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या मुलीनं निबंध उघडून नावावर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, चित्रं कुठं आहेत? चित्रं पाहिल्यावर म्हणाल्या, तिसऱ्या चित्रात रंग भडक छापलाय.

माओलिन शेवटी ग्वांगयुआनलाच गेला, दुसऱ्या रुग्णालयात. जबडा दुखतो म्हणून येणाऱ्या माणसांना तो दुखणाऱ्या बाजूच्या आधी न दुखणारी बाजू तपासायला तोंड उघडायला लावतो, असं त्यानं एकदा पत्रात लिहिलं होतं. वर्षातून एकदा अक्रोड येतात.

तान बाई पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. कापविभागात आता आपोआप काप काढणारं यंत्र आहे. लिव्हरचे, हिरडीचे काप ते उत्तम काढतं. जबड्याच्या सांध्याची वडी आली की तिथली नवी मुलगी, फू यिनपिंग, यंत्र बंद करून जुनं हाताचं यंत्र ओढते आणि बाईंना फोन लावते. बाई दोन बसेस बदलून येतात, स्टुलावर बसतात आणि तिच्या मनगटाकडे बघत राहतात. मागच्या खेपेला चकती तिसऱ्यांदा दुमडली तेव्हा यिनपिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. मेण पुन्हा कडक व्हावं म्हणून बाईंनी वडी बर्फावर ठेवली आणि तिला म्हणाल्या, चल, तोवर नूडल्स खाऊन येऊ.